सगळ्यांनी सरळ केलेलं माझं हृदय

नागपूरहून परत आल्यापासून सोसायटीत जो भेटतो तो एकच विचारतो, "संत्री आणली का?" नाही आणली. उलट माझंच अपेंडिक्स तिथे ठेवून आले. तीन दिवसांसाठी गेले होते, अकरा दिवसांनी परतले, आणि त्या अकरा दिवसांत "अहो, माझं ऐका तरी" हे वाक्य मी जितक्या वेळा म्हटलं तितकं सबंध नोकरीत म्हटलं नसेल. ज्यांना नागपूर पाहायचंय त्यांनी माझ्या भरवशावर सहल आखू नये. मी ना फुटाळा तलाव पाहिला ना दीक्षाभूमी. मी पाहिलं ते सक्करदऱ्यातल्या एका दवाखान्याचं छत आणि खाप्यातलं एक अंगण.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. पहिली म्हणजे माझं काम. मी पुण्यात खगोलशास्त्र शिकवते आणि ताऱ्यांच्या जोड्यांमधून येणारे क्ष-किरण अभ्यासते. दवाखान्यात फोटो काढतात तेच क्ष-किरण. दुसरी गोष्ट माझ्या शरीराची. ते आरशातल्यासारखं आहे. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, जठर उजवीकडे आणि ओघानंच अपेंडिक्स डावीकडे. जन्मापासून असंच आहे आणि त्यानं माझं आजवर काही बिघडलेलं नाही. अडतं एवढंच, की आजारी पडल्यावर डॉक्टरला हे आधी सांगावं लागतं आणि त्यानं ते मानावं लागतं. पुण्यात माझे डॉक्टर ठरलेले आहेत, त्यामुळे हे दुसरं किती अवघड असतं ते मी विसरूनच गेले होते.

पहिला दिवस : तिसरी प्लेट

मला बोलावलं होतं वानखेडे सरांनी. एका कॉलेजात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख, पन्नाशीचे, आणि पाहुण्याला उपाशी ठेवण्यापेक्षा मारून टाकलेलं बरं अशा मताचे. महाविद्यालयीन शिक्षकांसाठी तीन दिवसांची कार्यशाळा होती. मार्च नुकता लागला होता, पण सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर बसलं होतं. स्टेशनवरून त्यांनी मला थेट एका टपरीवर नेलं आणि तर्री-पोहे पुढे ठेवले. पोह्यांवर लाल रस्सा, रश्श्यात हरभरे, वर कच्चा कांदा. चव खरोखर उत्तम होती, पण मी खाल्ले दोन प्लेट, आणि समोर आली तिसरी.

"मॅडम, तुम्ही तर काही खाऊनच नाही राहिल्या," सर काळजीनं म्हणाले.

आमच्या पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार नसालच ना?" असं विचारतात म्हणून बाकीचा महाराष्ट्र आम्हाला हसतो. ती पद्धत किती माणुसकीची आहे हे मला त्या टपरीवर कळलं.

दुपारी व्याख्यान. न्यूट्रॉन तारा म्हणजे काय, हे सांगायला मी नागपूरच वापरलं. तुमच्या रिंग रोडच्या आत मावेल एवढा गोळा, पण वजन सूर्याहून जास्त. शेजारी एक साधा तारा. हा गोळा त्याच्यातला वायू ओढून घेतो, आणि तो वायू त्याच्यावर पडताना इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. आपली हवा ते वरच्या वर अडवते, म्हणून उपग्रहावर दुर्बीण बसवून ते पकडायचे. दोन तास बोलले. शेवटी एका शिक्षकानं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, हे सिलॅबसमध्ये कुठे येते?" कुठेच येत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी वही मिटली.

रात्रीच्या जेवणाला जहाल तिखट सावजी रस्सा होता. त्याबद्दल एवढंच लिहिते की मी ताटातलं सगळं संपवलं.

दुसरा दिवस : ओवा

पहाटे बेंबीभोवती दुखायला लागलं. दहापर्यंत दुखणं सरकून खाली डाव्या बाजूला येऊन बसलं, तापही भरला. अपेंडिक्स असंच सरकत सरकत दुखतं हे मला ठाऊक होतं, आणि ते फुटलं तर काय होतं हेही. माझा मुक्काम वानखेडे सरांच्या घरी होता, तिथे मी तसं स्पष्ट सांगितलं.

"अपेंडिक्स तर उजवीकडे राहते ना मॅडम?" सर म्हणाले.

"माझं डावीकडे आहे. माझं सगळंच उलट बाजूला आहे. हृदयसुद्धा."

सरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी पुढे होऊन माझ्या कपाळाला हात लावला. "ताप लई आहे," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्या दोघांपुरता माझ्या बोलण्याचा उलगडा झाला. मग ओवा आला. ओव्यामागून गरम पाण्यात हिंग आलं. शेजारच्या काकूंनी येऊन हा गॅस आहे असा निर्णय दिला आणि मला डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं. गॅससाठी डावी कूस असते म्हणे. माझं जठर उजवीकडे आहे, तेव्हा माझी कूस कोणती, हे मी त्यांना विचारलं नाही. अंगात ताकद नव्हती.

शेवटी मी हात जोडले तेव्हा सरांनी गाडी काढली आणि सक्करदऱ्यातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथे ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. वागायला चांगले, पण घाईत. मी पुन्हा सगळं सांगितलं. नेहमी जवळ असणारं, माझी अवस्था लिहिलेलं कार्ड पुण्यात दुसऱ्या पर्समध्ये राहिलं होतं. मग मी फोनमधला जुना एक्स-रेचा फोटो दाखवला.

"हा सेल्फी कॅमेऱ्यानं काढला असेल," ते म्हणाले. "त्यात डावं-उजवं पलटून जाते."

"एक्स-रेचा सेल्फी कोण काढतं हो?"

त्यांनी स्टेथोस्कोप डाव्या छातीवर टेकवला, काहीतरी ऐकू आलं असावं, आणि कागदावर मूतखडा असं लिहिलं. सोनोग्राफीचे डॉक्टर चार वाजता येतात, तोवर सलाईन आणि नेहमीच्या तपासण्या.

पहिली तपासणी ईसीजी. सिस्टर वयानं मोठ्या होत्या. आलेख आला तसा त्यांनी कागद फिरवून फिरवून पाहिला, जिभेनं 'च्च' केलं आणि माझ्या हातांच्या तारा काढून अदलाबदल करून लावल्या.

"सिस्टर, तारा बरोबर होत्या. माझं हृदय उजवीकडे आहे, म्हणून आलेख तसा आला."

"नाई वं ताई, हातच्या तारा उलट्या लागल्या की असाच ग्राफ येते. घाईत होते असं. आता पहा, कसा छान आला." त्यांनी तो छान आलेख फाइलला लावला आणि पहिला चुरगाळून टाकला.

मग एक्स-रे. तिथले तंत्रज्ञ मेश्राम म्हणून होते, वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज मऊ. एव्हाना मी शहाणी झाले होते. उभं राहण्याआधीच म्हटलं, "भाऊ, माझं हृदय उजवीकडे आहे. फोटोत ते उलट्या बाजूला दिसेल. ते बरोबर असेल. कृपा करून काही बदलू नका."

"हो मॅडम. टेन्शन नका घेऊ. श्वास घ्या, रोका."

अर्ध्या तासानं ड्युटी डॉक्टर फिल्म घेऊन आले, जवळजवळ आनंदात. "पहा मॅडम, हार्ट आपल्या जागेवर आहे."

फिल्मवर हृदय डावीकडे होतं, बाजूला लेफ्टचा ठसठशीत 'एल' होता. मी नोकरीभर क्ष-किरणांवर भाकरी खाल्ली आहे. त्या क्षणी मला इतका संताप आला की दुखणंही मागे पडलं. आणि मग मला कॉलरबोनच्या हाडावरची गाठ दिसली. सातवीत सायकलवरून पडून माझं उजव्या बाजूचं ते हाड मोडलं होतं, ते वाकडं जुळलं. फिल्ममध्ये ते डावीकडे होतं.

"हे बघा," मी उजव्या खांद्याजवळची गाठ त्यांना बोटानं दाखवली. "ही इथे आहे. तुमच्या फोटोत ती तिथे गेली. हाड चालत गेलं का?"

त्यांनी गाठ पाहिली, फिल्म पाहिली, घड्याळ पाहिलं. "सोनोग्राफीत क्लिअर होईल," म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. सोनोग्राफीच्या डॉक्टरांना उशीर होणार असल्याचा निरोप त्याच सुमारास आला. वानखेडे सर कोपऱ्यात बसून मला मोसंबी सोलून देत होते. मी पोटातल्या त्या सुजलेल्या अपेंडिक्सचा विचार करत होते आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. इतकी माणसं इतक्या आपुलकीनं मला चुकीची ठरवत होती की आपण यातच मरू, आणि कागदोपत्री सगळं जागच्या जागी असेल, असं वाटून गेलं.

पाचच्या सुमाराला राउंडला डॉ. बोरकर आल्या. पोटाच्या शल्यचिकित्सक, तिशीतल्या, केस विस्कटलेले. फाइल उघडण्याआधी त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?"

सकाळपासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी पाचव्यांदा की सहाव्यांदा सगळं सांगितलं आणि सांगताना मला रडू फुटलं. स्टेथोस्कोप उचलून त्यांनी उजव्या छातीवर ठेवला, ऐकलं, डावीकडे नेला, परत उजवीकडे आणला.

"ऑपरेशन थिएटर तयार करा," त्या सिस्टरना म्हणाल्या. "आणि या फिल्मवर कोणीही विश्वास ठेवू नका."

चौथा दिवस : मेश्राम

ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. डॉ. बोरकर म्हणाल्या, त्यांना टेबलाच्या भलत्या बाजूला उभं राहून सगळं हात उलटे चालवून करावं लागलं, आणि घरी जाऊन वेणी घालतानाही हात गोंधळले.

चौथ्या दिवशी दुपारी मेश्राम आले. दारातच उभे राहिले. मी त्यांच्यासाठी एक भाषण मनात तयार ठेवलं होतं, चांगलं धारदार.

"काहून केलं असं, ते सांगायले आलो मॅडम," ते म्हणाले. "पहिले माझ्या हातून एकदा बाजूची खूण चुकली होती. रिपोर्टवाल्या साहेबानं सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासून मी आधी हार्ट पाहतो. हार्ट ज्या बाजूला दिसते, ती डावी. उलट दिसलं तर समजायचं का आपणच उलट लावलं. बटन दाबायचं, फोटो पलटते. तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलंबी होतं. पण हात आपोआप जाते."

मी भाषण सुरू करणार, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "अजून एक आहे मॅडम. तुमच्या आधी."

सात-आठ वर्षांपूर्वी खाप्याची एक बाई आली होती. कांताबाई. खापा म्हणजे सावनेरकडचं गाव, मेश्रामांच्या आईचं माहेर, बाई मामाच्या आळीतली. छातीत धडधडतं म्हणून फोटो काढला. तिनंही सांगितलं होतं की माझं काळीज उजव्या बाजूला वाजतं. मेश्रामांनी बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी बाई फिल्म घेऊन परत आली, हा फोटो माझा नाही म्हणाली. तेव्हाच्या डॉक्टरांनी तिला रागावून घालवून दिलं. ती बराच वेळ बाकावर बसून होती.

"मामीच्या तोंडून ऐकतो, तिले अजून दुखते म्हणून. जेवलं की डाव्या बरगडीखाली. पित्ताच्या गोळ्या खाते. कोणी तपासत नाही, कारण तो फोटो दाखवला का सगळं नॉर्मल आहे."

डाव्या बरगडीखाली, जेवल्यावर. आमच्यासारख्यांचं पित्ताशय तिथेच असतं. मी उठून बसले, टाके ओढले गेले, आणि भाषण तसंच राहिलं.

नववा दिवस : खापा

मला खाप्याला जाऊ द्यायला डॉ. बोरकरांनी आधी साफ नकार दिला, मग पोटावर उशी धरून बसायच्या अटीवर परवानगी दिली. गाडी वानखेडे सरांची. मागच्या सीटवर मेश्राम, माझ्या पायाशी चिवडा, शंकरपाळे आणि ताक. सावनेरचा रस्ता सुरेख आहे, दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा आहेत, पण प्रत्येक गतिरोधकाला मी डोळे मिटून घेत असल्यामुळे त्याचं वर्णन तुकड्यातुकड्यांनीच करता येईल.

मेश्राम वाटभर खिडकीबाहेर बघत होते. शेवटी मला राहवेना. मी त्यांना माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगितली. आम्ही एका न्यूट्रॉन ताऱ्यावर काम करत होतो. वायू अंगावर पडून पडून तो वर्षानुवर्षं थोडाथोडा जास्त वेगानं गिरक्या घेत चालला होता. हिच्या आकड्यांत तो मंदावताना दिसला. मी म्हटलं, उणे-अधिकचं चिन्ह चुकलंय, बदल. ती म्हणाली, मॅडम, तपासलंय. मी म्हटलं, परत तपास. तिनं दोनदा सांगून पाहिलं आणि तिसऱ्यांदा चिन्ह बदलून आणलं. पुढे इतरांनीही पाहिलं, तर तारा खरोखरच मंदावला होता. तोवर ती मुलगी हे क्षेत्र सोडून बँकेत लागली होती.

"मंग तुमी काय केलं?" मेश्रामांनी विचारलं.

"काही नाही. तिला फोनसुद्धा केला नाही."

सरांनी शंकरपाळ्यांचा डबा मागे सरकवला. मेश्रामांनी एक घेतलं.

कांताबाईंचं घर कन्हान नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. अंगणात शिलाई मशीन, वर ब्लाउजचे कापलेले तुकडे. बाई पन्नाशीच्या, बारीक, चष्मा नाकावर. मेश्रामांना त्यांनी ओळखलं, पण खुर्ची फक्त मला दिली. आम्ही का आलो ते मेश्रामांनी सांगितलं, जमिनीकडे बघत, पण काही न लपवता. बटणाचंसुद्धा सांगितलं.

त्या ऐकत होत्या. मग आत गेल्या आणि गादीखालून फिल्मचं पाकीट घेऊन आल्या.

"हा फोटो घरात सगळ्यांनी पाहिला," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "मालक म्हणाले, डॉक्टर खोटा अन् तूच खरी काय? सासू म्हणे, कामाचा कंटाळा आहे हिले. मग मी सांगनंच सोडलं. रातच्याले हात ठेवून पाहो मी. इकडंच वाजे. मले वाटे, आपलंच डोस्कं फिरलं."

मी माझा हात त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो धरला, आणि मी त्यांचा हात माझ्या उजव्या छातीवर नेऊन ठेवला.

"बाप्पा," एवढंच म्हणाल्या.

मेश्राम पुढे झाले. "ताई, माझी चूक झाली. मी लिहून देतो तुमाले, सहीनिशी. कोणत्याबी डॉक्टरले दाखवा."

कांताबाई त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढला नाही.

"कागद नोको भाऊ. कागद आहे ना माझ्यापाशी, पाहा किती चांगला आहे. मी तवा तुमच्या समोर उभी होतो. फोटो उलटा दिसला, तर मले काहून नाही इचारलं?"

वानखेडे सरांनी हातातला डबा बंद केला. मग बाईंनी मशीनवरचं कापड घडी करून ठेवलं, साडी बदलली आणि फिल्म घरीच टाकून आमच्याबरोबर गाडीत बसल्या.

त्याच दिवशी, सक्करदरा

त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले, डाव्या बाजूला, आणि ते डॉ. बोरकरच काढणार आहेत. माझ्यापुरता प्रवास तिथे संपला. पण सोनोग्राफीच्या खोलीतली पाच मिनिटं लिहायची राहिली.

ते नेहमी उशिरा येणारे डॉक्टर त्या दिवशी वेळेवर होते आणि बाहेर चिक्कार गर्दी. कांताबाईंनी मला हाताला धरून आत घेतलं. डॉक्टरांनी एका हातात जेलची बाटली धरली होती, दुसरा मशीनच्या बटणांवर होता.

"झोपा ताई," ते वर न पाहता म्हणाले. "मशीन सगळं सांगते."

कांताबाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि बसूनच राहिल्या.

"मशीननं मागंबी सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "आज आधी मी सांगतो."

डॉक्टरांनी वर पाहिलं. बाई बोलायला लागल्या होत्या, लहानपणी नदीवर पोहताना पहिल्यांदा कुठे धडधडलं तिथपासून. सगळं, क्रमानं, कुठेही न थांबता. दारात पुढच्या पेशंटनं डोकं आत घालून पाहिलं. डॉक्टरांनी त्याला थांबायची खूण केली, जेलची बाटली खाली ठेवली आणि बसायला स्टूल ओढून घेतलं.